दुसरा फोटो

"काय गं, दिसलं ना काहीतरी?"

काकू स्कॅनच्या टेबलावर पडल्या पडल्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हटलं, मेले आता!

ऐका ना, आमच्या ट्रेनिंगमध्ये असं असतं. शिरेत किरणोत्सर्गी औषध टोचायचं, ते हाडांत मुरू द्यायचं, मग कॅमेऱ्याखाली झोपवायचं. हाडात काही गडबड असेल तिथे काळा डाग उमटतो. काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. तो हाडांत पसरलाय का, एवढंच बघायचं होतं. आणि पडद्यावर उजव्या खुब्याशी हा एवढा डाग! माझा चेहरा बहुतेक तिथेच पडला.

"अहो काकू, ते डॉक्टर सांगतील."

"खोटं बोलायला शिकवत नाहीत वाटतं इथे?"

मी पळत सुटले ती थेट आमच्या सिनियरकडे. त्यांना आम्ही मीटरताई म्हणतो. किरणं मोजायचं मीटर कायम खिशात. लावायला काही मिळालं नाही तर डॉक्टरांच्या बुटांनाही लावतात!

त्यांनी पडदा बघितला. "लघवीला जाऊन आल्या ना त्या? गाऊन तपासलास?"

नव्हता तपासला. औषध लघवीतून बाहेर पडतं, गाऊनवर एक थेंब सांडला तरी पुरतो. मीटरताईंनी गाऊनजवळ मीटर धरलं, तर करकर करकर!

"हाडाला नाही, कपड्याला झालंय," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "बदल जा."

मी काकूंना खरं ते सांगितलं, कातडी पुसली, नवा गाऊन दिला.

"शी बाई, या वयात काय ही शोभा!" काकू हसल्या. मग माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे ते नाही ना?"

"परत फोटो काढू या."

फोटो आला. खुबा स्वच्छ! मी उडीच मारणार होते, तेवढ्यात मीटरताईंनी माझं कोपर दाबलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. मणक्यावर ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा.

"पहिल्या फोटोतही होता. तू मोठ्याकडेच बघत बसलीस."

"हा पण पुसला तर जाईल ना?" मी आपली मूर्खासारखी विचारतेय.

त्यांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला.

मी आत गेले. काकू कपडे बदलून खुर्चीत बसल्याही होत्या.

"गेला?"

"तो डाग गेला, काकू. बाकीचं डॉक्टर..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. "थांब, लेकीला सांगते आधी. जीव मुठीत धरून बसली असेल बिचारी."

त्यांनी फोन कानाला लावला. त्यांच्या बुटांच्या नाड्या सुट्या होत्या, म्हणून मी खाली बसले. खरं सांगू? चेहरा लपवायला बसले.

"अगं, काही नाही गं! थेंब होता म्हणे नुसता!" वर काकू हसत होत्या, फोनमधून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. मी नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधायला घेतली.