भिंतीवरचे पाच तक्ते

चौथा तक्ता कोपऱ्यात चिकटवून ती स्टुलावरून उतरली आणि पाचवा बरोबर मधोमध लावला. दवाखान्यात ज्यांच्यावर ती दिवसभर लोकांची नजर तपासायची, तेच हे तक्ते. वर ठळक अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. आज मात्र तपासायची होती बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स.

"घराचा पार दवाखाना केलास," आई म्हणाली. "आणि एवढं करून निघणार काय? ह्यांचा हात थरथरतो, हे मी फुकटात सांगितलं असतं."

खिडकीपाशी बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

आईला तरुणपणीचा एक, एकच चांगला फोटो हवा होता. मोठा करून लावायला. त्यासाठी लेकीने खोकंभर फोटो उपसले. बाकी सगळे लख्ख, आई तेवढी धुरकट. जवळजवळ प्रत्येक फोटोत ती उजव्या कडेला, आणि कड पुसट. "सगळी दुनिया दिसली ह्यांना, बायको तेवढी दिसली नाही," असं आई हसत म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायचीच. बाबांचं उत्तरही ठरलेलं होतं: हात थरथरतो माझा.

लेकीला घरात चौकशीबाईच म्हणत. हात थरथरला तर अख्खा फोटो हलेल, एकच कड कशी हलेल? हे एकदा डोक्यात शिरल्यावर तिला कुठली चैन पडायला! पण लेन्स बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. इंटरनेटवर कुणी त्या लेन्सला डोक्यावर घेतलेलं, कुणी शिव्या घातलेल्या. मोजून मात्र कुणीच बोलत नव्हतं. शेवटी कुणा हौशी माणसाने जुन्या मासिकातलं चाचणीचं पान स्कॅन करून टाकलेलं सापडलं. मधे चित्र किती स्वच्छ येतं, कडेला किती, त्याचा आलेख. रेघ कडेपर्यंत जवळजवळ सपाट होती. म्हणजे लेन्स उत्तम, आणि दोष बाबांचा. तिला फार वाईट वाटलं. दोन दिवसांनी भांडी विसळता विसळता तिच्या लक्षात आलं, मासिकवाल्यांनी तपासली ती त्यांच्याकडची लेन्स. बाबांची कुणी तपासली होती?

म्हणून हे तक्ते. तिने मैत्रिणीचा नवा कॅमेरा स्टँडवर लावला, त्यावर मधे एक रिंग घालून बाबांची लेन्स बसवली आणि फोटो काढला. उजवीकडच्या दोन तक्त्यांवरची बारीक अक्षरं विरघळली होती.

"बघ! मी काय म्हणत होते?" आई म्हणाली.

"अगं, कॅमेरा स्टँडवर आहे. हात कुणाचा थरथरणार?"

"मग तू तिरका लावला असशील."

ही शंका मात्र रास्त होती. तिने कॅमेरा सोडवला आणि चक्क उलटा, डोकं खाली करून बसवला. कॅमेरा तिरका असेल, तर पुन्हा उजवेच तक्ते पुसट येतील. खोट लेन्समधे असेल, तर लेन्सबरोबर तीही फिरेल.

या वेळी डावे तक्ते पुसट आले.

"आतलं भिंग सरकलंय," ती म्हणाली. "बाबा, ही कधी आपटली होती का?"

"असेल. जुनी गोष्ट."

"मग हात थरथरतो म्हणून का सांगत राहिलात इतकी वर्षं?" आईने विचारलं.

वर्तमानपत्र आणखी वर गेलं. चौकशीबाईने पुन्हा खोकं उपसलं आणि फोटो वर्षांप्रमाणे लावत बसली. तळाशी एकमेकांना चिकटलेले, आधी हाती न लागलेले सुरुवातीचे थोडे फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होते. अशा स्वच्छ फोटोंतला शेवटचा तिने उचलला. उजव्या कडेला आई, दात दिसतील इतकी हसणारी, कानातल्या खड्यासकट स्पष्ट. आणि पुढे, कॅमेऱ्यावर झेपावणारा एका लहान मुलीचा पंजा.

पुढच्या फोटोत आई धुरकट होती. मधे तीच मुलगी लेन्सचं झाकण चावत बसली होती.

तिने दोन्ही फोटो आईच्या मांडीवर ठेवले.

"दोन वर्षांची होती ही," बाबा हळूच म्हणाले. "दिसेल त्याचं पोट फाडून बघायची. तुला कळलं असतं तर तू धोपटली असतीस. मग पुन्हा कशाला हात लावला असता तिने?"

"आणि नेमकं मलाच कडेला बसवायचं?"

"मधे ये म्हटलं की तू म्हणायचीस, पोरांना घ्या मधे."

चौकशीबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि उगाचच एका तक्त्याचा कोपरा दाबत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती वळली. आईने खुर्ची ओढून मधल्या तक्त्यासमोर ठेवली होती. पदर नीट करून ती बसली.

"अहो, ठेवा तो पेपर. काढा माझा एक. याच लेन्सने."

"आता खरंच थरथरतो गं हात," बाबा म्हणाले.

"थरथरू दे."