काशिनाथकाकांनी कुंकू लावलेला जनरेटर

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे, आणि मित्रांनो, मला चौकशा फार! ज्याच्यासाठी मी वीज तयार करतो, तो तारेच्या दुसऱ्या टोकाला काय करत असेल, हा प्रश्न मला जन्मापासून छळतो.

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेला जीवणभाईंच्या कांद्याच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं होतो. वादळात लाइट गेले की मी घरघरत उठायचो आणि कांदा वाळवणारे मोठे पंखे चालवायचो. "हा आहे म्हणून माझा कांदा आहे," असं जीवणभाई पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा मी फुगून जायचो. मग नवा जनरेटर आला. मी शेडच्या मागे गेलो, अंगावर ताडपत्री पडली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते हेच. फार वाईट वाटलं मला.

तीन वर्षांनी ती ताडपत्री इरावतीने उचलली. ती मूळची पुण्याची, इथे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. युक्रेनमध्ये युद्धात वीजकेंद्रं पाडली जात होती आणि तिथल्या दवाखान्यांसाठी इरावती आणि तिची मित्रमंडळी जनरेटर जमवत होती. मला एका प्रसूतिगृहात जायचं होतं. तारेच्या टोकाला कांदे नाहीत, बाळं! कधी एकदा निघतो असं मला झालं.

इरावतीचे वडील काशिनाथकाका तेव्हा तिच्याकडे आले होते. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं फिटरकी केलेली. त्यांनी आठवडाभर माझा गंज घासला, तेल बदललं, पोटातलं उंदराचं घरटं काढलं. शेवटच्या दिवशी नेमकी खंडेनवमी आली. काकांनी मला हळदकुंकू लावलं, हँडलला पिवळी फुलं बांधली, नारळ फोडला. इतका मान मला कुणी दिला नव्हता.

पण एक काम राहिलं होतं. मला पूर्ण लोडवर चालवून बघायचं.

"बाबा, किल्ली द्या. टेस्ट घेते," इरावती म्हणाली.

"आज नाही, इरू. पूजेच्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. आज त्याला आराम."

"उद्या सातला ट्रक येतोय, बाबा. टेस्टचा फॉर्म भरून द्यायचाय."

"मग कर की टिक! मी हात लावलेलं मशीन बंद पडेल का?"

इरावतीने पेन उघडलं. माझ्या पोटात काहीतरी बिघडलंय हे मला ठाऊक होतं, पण किल्ली फिरवल्याशिवाय मला आवाज कुठला? तिने पेन मिटलं आणि फोनवरचा एक फोटो वडिलांपुढे धरला. बाहेर मोडून पडलेला विजेचा मनोरा. आत काचेच्या पेटीतलं बाळ आणि टॉर्च धरून उभी असलेली नर्स.

"ही पेटी याच्यावर चालणार, बाबा. तिथे दुसरा जनरेटर नाहीये."

काकांनी फोन हातात घेतला. "तूही एकोणीस दिवस पेटीत होतीस," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी हँडलची फुलं सोडवली आणि मला हात जोडले. "माफ कर गड्या, आज तुला उठवतोय."

मी सुरू झालो. शेडमधले मोठे पंखे जोडताच माझं व्होल्टेज घसरलं आणि मी बंद पडलो. काका कांद्याच्या क्रेटवर बसले. "मी टिक करायला सांगत होतो," एवढंच बोलले. मला त्यांची फार माया आली.

जीवणभाईंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून माझं जपून ठेवलेलं, व्होल्टेज सांभाळणारं जादा रेग्युलेटर कार्ड काढलं. काकांनी ते बसवलं आणि मी चार तास अखंड चाललो. "स्वीट ॲज!" जीवणभाई ओरडले, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. तेव्हा कुठे इरावतीने टिक केली.

आता मी त्या प्रसूतिगृहाच्या आवारात आहे. इथला मेकॅनिक मला रोज पुसतो, पण कुंकवाचा ठिपका तेवढा ठेवतो. त्याला वाटतं, ती कंपनीची काही महत्त्वाची खूण असावी. दर सोमवारी तो मला चालवून बघतो, सण असो की सुट्टी.

गेल्या आठवड्यात लाइट गेले. मी रात्रभर चाललो, आणि सकाळी नर्सने खिडकी उघडली तेव्हा तारेच्या टोकाला काय असतं ते मला अखेर ऐकू आलं. एक बाळ भुकेनं टाहो फोडून रडत होतं.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा, आम्हाला आवडते. पण आम्हाला चालवूनही बघा. बाहेर माणसं तो मोडलेला मनोरा पुन्हा उभा करताहेत. तो उभा राहिला की मी पुन्हा ताडपत्रीखाली जाईन. या वेळी मला जराही वाईट वाटणार नाही.