गवंड्याचं पापी बोट

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर अख्खं गाव लोटलं होतं. तक्रारी घ्यायला नवं यंत्र आलं होतं. काचेवर बोट टेकवायचं की तक्रारीचं पान उघडतं, बस्स. साहेबांच्या मिनतवाऱ्या बंद. पण मास्तरांच्या बोटाला झटकन उघडणारी काच गवंड्याच्या बोटाला ढिम्म दाद देईना. यंत्राशेजारी ठाण मांडून बसलेल्या बोटेमहाराजांना तेवढंच हवं होतं.

"यंत्र बोटातलं पाप वाचतं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "तुझ्याकडे साठा बराच दिसतोय, बाळा."

मग त्यांनी तसंच अडलेल्या एका वीटकामगाराचं बोट मंतरलेल्या पाण्यात बुडवलं आणि काच उघडली. लोकांनी हात जोडले. वीटकामगाराची कोंबडी महाराजांच्या टोपलीत गेली.

गवंड्याकडे कोंबडी नव्हती. घरात अंथरुणाला खिळलेली आई होती आणि तुंबलेल्या गटाराचं पाणी तिच्या खाटेखाली शिरत होतं. बिचारा रात्रभर पापं आठवत बसला.

सकाळी आईला तपासायला नर्सबाई आल्या, तेव्हा त्याने विचारलं, "बाई, लहानपणी शेजारणीचे पेरू चोरले होते. ते धरतात का हो?"

नर्सबाईंनी त्याचा हात हातात घेतला. "हा हात आहे की कानस? सिमेंटनं सगळी ओल पिऊन टाकलीय. खाटेखालचं पाणी भर बाटलीत आणि चल."

ओसरीवर सगळ्यांसमोर गवंड्याने त्या पाण्यात बोट बुडवलं, जरासं पुसलं आणि टेकवलं. काच उघडली.

"कुठल्या तीर्थाचं पाणी?" महाराजांनी दचकून विचारलं.

"गटाराचं," नर्सबाई म्हणाल्या. मग त्यांनी महाराजांच्या बोटाला कोरड्या फडक्याचे वेढे दिले. "आता तुम्ही उघडा."

महाराजांनी बोट दाबलं, घासलं, आपटलं. काच हलेना.

"पुण्य फडक्यात अडकलं वाटतं," वीटकामगार म्हणाला आणि टोपलीतली कोंबडी काखेत मारून चालता झाला.

नर्सबाईंनी समजावलं, "ही काच स्पर्श ओळखते तो बोटातून जाणाऱ्या किंचितशा विजेनं. ओलसर कातडी तिला कळते. कोरडं फडकं किंवा राबून कोरडं, राठ झालेलं बोट कळत नाही. एवढंच."

सरपंचबाईंनी यंत्राजवळ ओला स्पंज ठेवला. गटार मोकळं झालं, आईची खाट कोरडी राहिली. गवंड्याला मात्र रागच आला, महाराजांचा आणि स्वतःचाही. राबणाऱ्या हातांना पापी ठरवलं आणि त्या हातांनीच ते मुकाट मान्य केलं होतं.

तेव्हा मंडळी, कुणी मंतरलेलं पाणी पुढे केलं, तर त्याला एकच विचारा: साध्या पाण्यानं हे होत नाही का? आणि उत्तराची वाट बघू नका. घरचं पाणी नेऊन स्वतः करून बघा.