पहिलं नाव कुणाचं

(सुरुवात, पोलिक्सेनीच्या मते)

उकडलेल्या गव्हाच्या ताटावर साखर थापून, डाळिंबाचे दाणे लावून झाले, तेव्हा पोलिक्सेनीनं नवऱ्यापुढे कागद ठेवला. कोरा, वर फक्त क्रूस काढलेला. मृतांच्या शनिवारी घराघरातून असं ताट आणि असा कागद देवळात जातो आणि पाद्री एकेक नाव वाचतो.

"नावं लिही, थ्रासिवुलोस. नेहमीसारखी."

नेहमीसारखी म्हणजे सात. त्याचे आईवडील, तिचे आईवडील, दोन काका आणि शेवटी थिओडोरा. तिच्या नावाआधी 'बाळ' लिहायचं. लहानपणी गेलेल्यांच्या नावाला तसं लावतात. तेवीस दिवसांची होऊन गेलेली लेक. एकेचाळीस वर्षं ते नाव त्यानंच लिहिलं होतं.

गेल्या हिवाळ्यापासून थ्रासिवुलोसच्या डोक्यातून माणसं एकेक करून निघून चालली होती. काल त्याला धाकटे काका आठवले नाहीत. लेकीचं नाव मात्र आपण सुचवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. सुचवलं तर तो लिहील, पण मग लेकीला एकटी आईच उरेल, बाप कुणी नसेल.

त्यानं लिहिलं: कोन्स्तान्तिनोस.

काका, तिला वाटलं. बरं झालं.

त्याखाली: कोन्स्तान्तिओस.

या नावाचं घरात कुणी नव्हतं. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मृतांची नावं लिहायला सांगितल्यावर तो देशाचे जुने सम्राट लिहायला लागला होता. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना त्यानं मुलांकडून ते ओळीनं घोकून घेतले होते.

(सुरुवात, थ्रासिवुलोसच्या मते)

त्याच्या मते कोन्स्तान्तिनोस पहिला नव्हताच. तो रोमचा. आपलं राज्य सुरू झालं तीनशे वर्षांनी, इराक्लिओसपासून, रोमची भाषा जाऊन दरबारात आपली भाषा बसली तेव्हा. पोलिक्सेनी गणित शिकवायची. ती म्हणायची, ज्यानं राजधानीचं शहर वसवलं तो एक नंबर, उगीच फाटे फोडू नकोस. शिक्षकांच्या खोलीत हे भांडण पेटलं की चहा निवायचा. लग्न त्यातूनच जमलं.

आणि लेकीचं नाव त्यानं याच यादीतून काढलं होतं. बरंच खालून.

हे आठवलं आणि पोलिक्सेनी ताठ बसली. यादी तिथवर पोचायला हवी. पण चाळीसेक नावांनंतर त्याचा हात थकायचा, मान कलायची. कोन्स्तान्तिनोसपासून निघाला तर तो वाटेतच झोपणार.

लग्नाच्या इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं. "इराक्लिओसपासून धर. तुझंच बरोबर होतं."

त्यानं तिच्याकडे अदबीनं पाहिलं. "नको बाई. माझी बायको कोन्स्तान्तिनोसपासून मोजते. तिला वाईट वाटेल."

पोलिक्सेनी थोडा वेळ डाळिंबाचे दाणे सरळ करत राहिली. ते सरळच होते.

"मग असं करू," ती म्हणाली, "तिच्या वाटणीचे मी लिहिते. इराक्लिओसपासून पुढचे तुझे."

"तुम्हाला येतात?"

"भांडून भांडून पाठ झालेत."

(कागदाचा वरचा भाग, तिचं अक्षर)

ती भराभर लिहीत गेली. त्यानं बोट ठेवलं. "युलियानोस गाळलात."

"तो देवाधर्माला सोडून गेलेला. देवळात वाचायचंय हे."

"परीक्षेत मार्क जातील."

तिनं युलियानोस लिहिला.

(कागदाचा खालचा भाग, त्याचं अक्षर)

इराक्लिओस. पेन हातात आल्यावर त्याचा आवाजही वर्गातला झाला. युस्तिनियानोस, नाक कापलेला. तीन नावांनी पुन्हा युस्तिनियानोस.

"तोच दोनदा?"

"दोनदा राज्य केलं."

"नाकाशिवाय?"

"राज्य करायला नाक कशाला लागतं?"

देवळाची पहिली घंटा झाली. कागद उलटला. मिखाईल, मग आणखी मिखाईल. अक्षर उतरणीला लागलं होतं. दुसरी घंटा झाली.

"झोई. थिओडोरा." एका दमात लिहिलं त्यानं. "दोघी बहिणी. मिळून गादीवर." आणि पुढे गेला. कोन्स्तान्तिनोस, नववा.

पोलिक्सेनी उठली. ताटावर फडकं घातलं, खुंटीवरचा कोट घेतला. नाव कागदावर आलं, एवढं पुष्कळ झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"थिओडोरा," मागून तो म्हणाला. "ती परत येते. या वेळी एकटी."

पेन थांबलं होतं. एकटी राज्यावर आली तेव्हा राणी थिओडोरा सत्तरीपुढची होती; वर्गात हे त्यानंच कितीदा सांगितलं होतं. आता त्यानं नावाच्या डावीकडे, जागा नव्हती तिथं, बारीक अक्षरात लिहिलं: बाळ.

तिनं कोटाची एक बाही घातली होती. दुसरी तशीच लोंबत राहिली.

"पुढे कोण?" तिनं विचारलं.

"पुढे नको," त्यानं टोपण लावलं. पुढे अजून चारशे वर्षांचे सम्राट होते.

(देवळात)

पाद्री त्याचाच विद्यार्थी. कागद हातात घेऊन त्यानं वरची ओळ पाहिली, मग खालपर्यंत, मग मागची बाजू. उलट्या बाजूला शेवटी तो जरा थबकला.

"सगळी वाचतो, मास्तर," तो हळूच म्हणाला. "पण सुरुवात कोन्स्तान्तिनोसपासून? एवढ्यावरून तुम्ही मला नापास केलं होतंत."

थ्रासिवुलोसनं शेजारी चाचपडत पोलिक्सेनीचं कोपर धरलं.

"ही माझी बायको," तो म्हणाला. "हिचं तसं म्हणणं आहे."