बाइंडरचे हात आणि बायकोचा तीळ

बाइंडरच्या हातांना खाज सुटून तीन महिने झाले होते. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत लाली, आणि दाभणानं पुठ्ठा टोचताना डोळ्यांत पाणी. तरी गडी दवाखान्याचं नाव काढीना. "खाजेसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?" हे त्याचं पालुपद. त्याऐवजी त्यानं मेहुण्याची अर्धी उरलेली ट्यूब चोळली. चार दिवस हात गुळगुळीत झाले आणि पाचव्या दिवशी खाज दुपटीनं परत आली.

मग एके दिवशी बांधायला आलेल्या शब्दकोशाच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर त्याच्या बोटाचं रक्त लागलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कापड बदलून देता आलं, पण गड्याचं तोंड उतरलं. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "उद्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं," तेव्हा तो लगेच तयार झाला.

डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची. तिनं हात उलटसुलट करून पाहिले. "काका, कामावर नसता तेव्हा बरं वाटतं?"

काका आठवत बसले. बायकोनं वाटच पाहिली नाही. "लेकीकडे आठ दिवस होतो ना, तेव्हा हात कसे लोण्यासारखे झाले होते!"

"मग कामावरचंच काहीतरी तुमच्यावर रुसलंय. आणि काका, दुसऱ्याची ट्यूब पुन्हा लावायची नाही. खाज दोन-तीन आठवड्यांत गेली नाही की यायचं. तीन महिने काय काढता?"

तिनं त्याच्या पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांत सरस होता, शाई होती, रबर होतं. पट्ट्या दोन दिवसांनी निघाल्या, पण पक्का निकाल चौथ्या दिवशी मिळणार होता. कारण सरसच निघाला तर धंदाच बंद, या धास्तीनं बाइंडरनं चार दिवस सरसाच्या डब्याला हात लावला नाही.

"सरस नाही," डॉक्टर म्हणाली. "रबर. हातमोजे वापरता का?"

बाइंडरनं सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. थंडीत हात थोडे फुटले, तेव्हा रबरी मोजे तिनंच आणले होते. खाज वाढेल तसा तो ते कामावर जास्त वेळ घालत होता.

"अगं बाई!" म्हणत ती हसत सुटली. तोही हसला. हसता हसताच ती पिशवी उचलायला वाकली, आणि डॉक्टरचं लक्ष तिच्या मानेखाली गेलं.

"काकू, हा तीळ कधीपासूनचा?"

"हा? जुनाच आहे."

"जुना आहे, पण गोल होता," बाइंडर म्हणाला. "वर्षभरात एका बाजूनं कड वाकडी झालीय. रंगही तिथं काळपट झालाय." पुस्तकाची कड केसभर सरकली तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"मग बोलला का नाहीत?" बायकोनं विचारलं.

"तीळच तो, त्यात काय बोलायचं, असं वाटलं." त्याचा आवाज खाली गेला.

डॉक्टरनं भिंगातून तीळ नीट पाहिला. "आकार, रंग, कड यांतलं काही बदललं, किंवा तिळातून रक्त आलं, तर एक दिवसही थांबायचं नाही. हा आपण काढून तपासायला पाठवू."

तीळ निघाला. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. त्या दिवसांत बाइंडरनं एकच वही दोनदा शिवली आणि एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा लावला. बायको मात्र मानेखालची पट्टी सांभाळत त्यालाच धीर देत होती.

रिपोर्ट आला. तीळ कॅन्सरकडे झुकायला नुकती सुरुवात झाली होती, पण तो मुळासकट निघाला होता. पुढचं औषध काही नाही, फक्त दर सहा महिन्यांनी दाखवून जायचं.

रबरी मोजे सुटले, तसे बाइंडरचे हातही भरून आले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या उजेडात, दोघं खिडकीपाशी एकमेकांच्या पाठीवरचे तीळ तपासतात.

"अकरा," तो म्हणतो.

"बारा आहेत. तुम्हाला मोजता येत नाही."

"हलू नकोस, पुन्हा मोजतो," असं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. घाई दोघांनाही नसते.