चांदी उतरायची वाट

तांड्यातल्या बाया साधी जोडवीसुद्धा संगीताला विचारून घ्यायच्या. सकाळी चहा उकळेपर्यंत ती मोबाइलवर चांदीचा भाव बघायची आणि टीव्हीवरच्या माणसाच्या थाटात सांगायची, आज घ्या, नाहीतर आज थांबा. सातवी नापास बाईला एवढं कळतं, याचं तिचं तिलाच कौतुक. तांड्याला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. या हुशार बाईने स्वतःच्या टोपल्या मोडीत घातल्या होत्या.

टोपल्या म्हणजे केसांतून कानाशी लोंबणारे चांदीचे गोंडे. लग्नात सासूने सुनेच्या केसांत ते गुंफायचे, ही या घरची रीत. संगीताच्या केसांत ते तिच्या सासूने, रामीबाईने गुंफले होते; तिला संगीता याडी, म्हणजे आई, म्हणायची. आता संगीताच्या मुलाचं, भारतचं लग्न ठरलं होतं, आणि होणारी सून रंजिता लांब केसांची होती.

दोन वर्षांपूर्वी चांदी नव्वद हजार रुपये किलो झाली, तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. चढल्यावर विकायच्या, उतरल्यावर घ्यायच्या. उमरखेडच्या सराफाने तूट कापून वीस हजार हातावर ठेवले. ते तिने डाळीच्या डब्यात घातले आणि हात लावला नाही. या सगळ्यात तेवढंच काय ते शहाणपण.

आणि चांदी उतरलीही. ब्याऐंशीवर आली. संगीता म्हणाली, सत्तर होऊ दे. सत्तर काही झाली नाही, लाख झाली. ही नुसती फुगलेली आहे, फुटणार, असं तिने स्वतःला समजावलं, सोबत चार बायांनाही. दोन लाख झाली तेव्हा तिने भाव बघणं सोडलं, म्हणजे दिवसातून तीनदाच बघू लागली. साडेतीन लाखही पार झाले. मग एका दिवसात चांदी धाडकन आपटली. आपण बरोबर होतो, या आनंदाने संगीताला रडूच फुटलं. कापसाचे पैसे हाताशी होते. पण त्या दिवशी एसटी धरायची सोडून तिने ठरवलं, अजून दोन दिवस थांबू. दोन दिवसांत भाव परत चढला आणि कापसाचे पैसे मंडपवाल्याने नेले.

लग्नाला आठ दिवस राहिले. रामीबाईने चिंचेचं पाणी केलं आणि म्हणाली, टोपल्या आण, घासून देते. संगीताने पेटी उघडली, उगाच दोन लुगडी हलवली आणि रिकाम्या हाताने येऊन बसली. सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने चिंचेच्या पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

"कायले इकल्या वं?"

"भाव आलता, याडी."

"मंग मह्या पायाले भाव आला तं पायबी इकशील?"

मग तिने साबणाचं पाणी मागितलं आणि डावा पाय परातीत ठेवला. त्या पायातलं कडं लग्नापासून निघालं नव्हतं. साबण झाला, तेल झालं, संगीताच्या दोन बांगड्या फुटल्या, तेव्हा कुठे ते सुटलं. घोट्यावर उरलेली गोल खूण बाळाच्या अंगासारखी मऊ होती. संगीताचे डोळे भरून आले. आणि लाज वाटली तरी डोक्याने तेवढ्यात कड्याचं वजन धरून भाव लावलाच.

दुसऱ्या दिवशी दोघी उमरखेडला गेल्या. एका कड्यात टोपल्यांची जोडी होईल, सराफ म्हणाला. घडणावळीला डब्यातले वीस हजार होते. चांदी घरचीच, त्यामुळे भाव विचारायचं काही कारण नव्हतं. संगीताने विचारला.

परतताना एसटीच्या पायरीवर रामीबाईचं एकच कडं वाजलं. शेजारी बसल्यावर संगीताने म्हातारीचा हात धरला.

"याडी, तुमचं कडं मी परत करून देतो. थोडीशी चांदी उतरली, की..."

"संगे," खिडकीबाहेर बघत रामीबाई म्हणाली, "मले ते जित्तेपणीच पाह्यजे."