चष्म्याचं जुनं नाक

१४ नोव्हेंबर. सकाळपासून ढगाळ, वारा अजिबात नाही.

मी एक चष्मा बोलतोय. जाड काचांचा, तपकिरी काड्यांचा. जन्मलो कारखान्यात, पण घडलो एका नाकावर. त्या नाकाच्या मध्यावर उंचवटा होता. चष्मेवाल्याने मला पुन्हा पुन्हा वाकवून त्यावर बसवलं, तेव्हापासून मी कधी घसरलो नाही.

ते नाक घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मुलीचं. शेजारच्या टेबलावर तिचे बाबा बसतात, हात लांब करून वर्तमानपत्र वाचतात. त्यांचंही नाक तसंच. गिऱ्हाइकं म्हणायची, "पाटी कशाला हवी? नाकं बघितली की कळतं, बापलेकीचं दुकान आहे!" बाबा खूश व्हायचे. तीही हसायची, आणि घरी आरशासमोर गेली की आधी मला काढून ठेवायची.

गेल्या महिन्यात तिने नाकाचं ऑपरेशन करून घेतलं.

"माझ्या आईचं नाक होतं ते," बाबा म्हणाले. "जड झालं होतं का तुला?"

"बाबा, आरशात आधी नाक दिसायचं, मग मी."

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

नाकावरचा साचा काढताना डॉक्टरांनी बजावलं, "हाड अजून कच्चं आहे. चष्म्याचं वजन पडता कामा नये. दबलं तर वाकडं जुळेल, मग पुन्हा ऑपरेशन." डोळ्यांत घालायच्या लेन्स तिला सोसत नाहीत, आणि माझ्याशिवाय स्वतःची बोटंही धूसर. ती भिंती चाचपत फिरू लागली. एकदा कपाटाचं उघडं दार नाकापासून बोटभर अंतरावर आलं, तेव्हा तिची आई किंचाळली. बाबा तडक दुकानात गेले.

परतले ते आपलं भिंग घेऊन. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावतात, ते डोक्याभोवतीच्या पोलादी तारेला अडकवलेलं असतं. बाबांनी भिंग सोडवलं, तार तिच्या कपाळाभोवती बसवली आणि मला त्या तारेला टांगलं. मी नाकासमोर अधांतरी.

"आणि तुमचं काम?"

"हात थरथरायला लागल्यापासून कसलं काम? मान वर कर."

आज ती पुन्हा टेबलाशी बसली. एका हातात चिमटा, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. हात अडकलेले असले की नाक मुरडून मला वर सरकवायची तिची लहानपणापासूनची खोड. तिने नाक मुरडलं. कपाळ हललं, तार निसटली, आणि मी थेट त्या कच्च्या हाडावर पडलो.

"बाबा!"

"हात लावू नकोस! तोंडाने श्वास घे."

बाबांची थरथरती बोटं माझ्याकडे येताना मला दिसत होती. त्यांनी कोपरं टेबलावर रोवली, श्वास रोखला आणि घड्याळातलं नाजूक चक्र उचलावं तसं मला सरळ वर उचललं. नाकाला घासूही दिलं नाही.

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"दुखतंय का गं?"

"नाही. वाकडं झालं तर तुम्ही म्हणाल, बरी अद्दल घडली."

"वेडी कुठली! इथे मी देव पाण्यात घालून बसलोय, आणि हिचं काय तर म्हणे अद्दल!"

दुपारी दवाखान्यात मी बाबांच्या खिशात होतो. डॉक्टर बोटांनी हाड दाबत म्हणत होते, "इथे दुखतं? आणि इथे?" खिशावर बाबांची मूठ आवळलेली. मला वाटलं, माझी काडी आता मोडते.

"हाड जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले.

३ जानेवारी. स्वच्छ ऊन, हवेत गारवा.

डॉक्टरांनी चष्म्याला परवानगी दिली. तिने मला घातलं. मी घसरून नाकाच्या शेंड्यावर आलो. पुन्हा घातलं, पुन्हा घसरलो. "बाबा, इकडे बघा," म्हणत तिने मला त्यांच्या नाकावर ठेवलं. मी उंचवट्यावर नीट बसलो.

संध्याकाळी तिने नवा चष्मा घेतला. माझ्या काचा बाबांसाठी बदलल्या, आणि आता ते माझ्यातून वर्तमानपत्र वाचतात.